डिस्क १०० टक्के

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्याला मंदीच असते, अर्धं गाव होम मैदानावर. त्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतून अण्णांचा फोन. टॉवेलचा कारखाना आहे त्यांचा. "ये बे लवकर, तीन कॉम्प्युटर नवीन घेऊलालोय, कोटेशन आलंय, तू एकदा बघ की." कोटेशन दुसऱ्याच कुणाचंतरी, एक लाख सव्वीस हजारांचं. खरं सांगतो, पोटात दुखलं.

गेलो. अकाउंटवाल्या मॅडमनी बटण दाबलं आणि सरळ उठून चहा सांगायला गेल्या, रोजची सवय. मोबाईलवर टायमर लावला तर चार मिनिटं दहा सेकंद. चौथ्या जनरेशनचा आय थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क. टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा स्क्रीन, प्रोसेसर १२ टक्के, डिस्क १०० टक्के. म्हणजे प्रोसेसर बिचारा हात बांधून बसलाय आणि सगळी रांग डिस्कच्या दारात! कोटेशनवाल्याने हे स्क्रीन उघडून बघितलंच नसणार, बघून कमिशन थोडंच मिळतं. दोन-दोन अँटीव्हायरस, चालू होतानाच अंगावर येणारे चौदा प्रोग्राम, ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक आणि मॅडमचं साड्यांचं दुकान. प्रिंटरसोबत आलेला एक प्रोग्राम होता, त्यात सगळ्यात मोठं बटण शाई विकत घ्यायचं.

तिन्हींना २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, आणि सेकंडहँड डीडीआर थ्री रॅम घालून ८ जीबी केली. बरेच जण जुन्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, मारून मोकळे होतात, मी मारत नाही, घाण पण कॉपी होते. विंडोजसकट सगळं नव्याने कोरं टाकलं. तिथेच अडकलो. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर अण्णांनी पूर्वी एकरकमी पैसे मोजून घेतलेलं, पण त्या व्हर्जनची सेटअप फाईल आता साईटवर नाहीच. फोन केला तर नवीन घ्या म्हणे, आणि नवीन म्हणजे दरवर्षी भाडं! शेवटी माझ्याच एका जुन्या पेनड्राईव्हवर ती फाईल सापडली, दुकानात तीन तास शोधून. नंतर मशीन १९ सेकंदात चालू. मॅडमनी बंद करून परत चालू केलं, विश्वासच बसेना.

जाता जाता अण्णांनी मागच्या खोलीत नेलं, की-बोर्ड अडकत होता. तिथे जुन्या विंडोज एक्सपीवरचं डबडं, त्याच्यावर जकार्डची, म्हणजे विणून काढायच्या नक्षीची, डिझाईन काढतात आणि पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचं मशीन त्यालाच जोडलेलं. सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे जो लावल्याशिवाय ते चालत नाही तो तुकडा, मागे पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टात. नेट नाही, अपडेट नाही, वरून बोटभर कापसाची धूळ. आणि चालतंय मख्खन. एक्सपीला २००१ साली कागदावर ६४ एमबी रॅम पुरायची, २०२१ च्या विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी. म्हणजे ६४ पट. आणि पुढच्या खोलीत होतं काय, तर तेच बिल, तीच खातेवही.

पण ऑफिसचं नेट कसं काढणार? विंडोज ७ वर हीच मशीनं बरी पळत होती. २०२३ ला क्रोम ११० आलं, ते विंडोज ७ वर चालेना, म्हणून ह्यांना विंडोज १० वर मीच आणलं. त्याच हार्डडिस्कवर, त्याच ४ जीबीवर, आणि त्याचे पैसेही घेतले. एसएसडी तेव्हाच घालायला पाहिजे होती, अण्णांनी नको म्हटलं आणि मीही फार ताणलं नाही. तीन वर्षं मॅडम रोज चार मिनिटं बसल्या ते माझ्यामुळेच.

आता तर विंडोज १० चा पण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टच्या जादा अपडेटच्या योजनेत नोंदणी करून घेतली, त्यामुळे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येतील. पुढे विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आधीचा प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, यादीत बसत नाही. जुगाड करून घालता येतं, मी घरच्या मशीनवर घातलंयही, पण जिथून बँकेचे व्यवहार होतात तिथे ते करायला हात धजत नाही.

अण्णांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मग मशीन खराब कुठंय बे?" मला काय बोलावं सुचलं नाही.

तिन्हींचं मिळून बिल अकरा हजार आठशे. अण्णा खूश. मॅडमनी मात्र टेबलावरच्या फायली आधीच हलवून, मोठ्या स्क्रीनसाठी जागा पुसून ठेवली होती. मी बॅग भरताना हळूच विचारलं, "ऑक्टोबरमध्ये येणार ना दादा परत?"