अडकलेला नी

मी हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं तंतुवाद्य, सुरात लावतो. मूळचा मिरजेचा, आता मुक्काम जर्मनीतल्या लायपझिगला. गावी कुणी विचारलं की सांगतो, तंबोरेच जुळवतो, फक्त तारा 183 असतात. 61 पट्ट्यांना तारांचे तीन संच.

त्या दिवशी जवळच्याच एका गावातल्या चर्चमध्ये बाखची गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, म्हणजे एक आरिया (मूळ धून) आणि तिची निरनिराळी रूपं, होती. सगळं दोनदोनदा वाजवणार, म्हणजे 80 मिनिटांचा मामला. फेब्रुवारी महिना, बाहेर पाऊस आणि बर्फाचा चिखल.

दुपारी सूर लावून झाल्यावर मी नख्या तपासत बसलो. पट्टी दाबली की जॅक नावाची लाकडी चीप वर उसळते आणि तिच्या जिभेत बसवलेली नखी तार छेडते. पूर्वी ही नखी कावळ्याच्या पिसाची असे. आता बहुतेक डेलरिन नावाच्या प्लास्टिकची. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाज जवळपास तेवढाच. सगळी भिस्त नखीवर. तिचं पोट किती तासायचं, हे तंबोऱ्याची जवारी काढण्यासारखंच. शिकवून फारसं येत नाही. या वाद्याला एकावर एक दोन कीबोर्ड होते. वरच्याचा एफ शार्प नावाचा एक सूर मला जरा दबलेला वाटला. नवी नखी घातली, तासली. इतका गोड बोलू लागला की हात थांबला. आणखी केसभर आखूड हवी होती, हे तेव्हाही कळत होतं.

गोल्डबर्गचा खर्ज सा नी ध प, ग म प सा असा चालतो. 32 बारांचा (मात्रांच्या छोट्या गटांचा) हा सांगाडा, आणि त्यावर 30 व्हेरिएशन्स. वरची चाल शोधत बसणारा फसतो. कायम राहतो तो खालचा जिना. जी मेजरमध्ये, म्हणजे जी हा सा धरला की, एफ शार्प म्हणजे त्या जिन्याची दुसरीच पायरी, नी. माझी गोड नखी नेमकी तिथली.

दीडेकशे माणसं ओले कोट घेऊन आत आली. हवा दमट झाली, लाकूड फुगलं. चौदाव्या व्हेरिएशनमध्ये दोन्ही हात दोन कीबोर्डांवर एकमेकांना ओलांडत होते, तेव्हा नी एकदा वाजला आणि पुढच्या वेळी नुसता लाकडाचा टक्. घशात आवंढाच आला. खाली येताना जीभ मागे झुकून नखी तारेखाली निसटायला हवी. ती वरच अडकून बसली होती.

सुदैव असं की पंधरावं एकाच कीबोर्डवरचं. वाजवणाऱ्या बाईंनी ते खालच्यावर घेतलं. तीन मायनर, म्हणजे कोमल गंधाराच्या, व्हेरिएशन्सपैकी हे पहिलं, संथ, रडवेलं. शेवटी उजवा हात एकटाच वर चढत जातो आणि पंचमावर प्रश्न अर्धवट सोडून देतो. तिथे कार्यक्रमाचा पूर्वार्ध संपतो. सोळावं म्हणजे नव्याने पडदा उघडावा तसं फ्रेंच ओव्हर्चर. मध्ये श्वास घ्यायला जागा असते. बाई उठल्या नाहीत. मांडीवर हात ठेवून त्यांनी तिसऱ्या रांगेत माझ्याकडे पाहिलं.

मी चाकू घेऊन वर गेलो.

"एफ शार्प," त्या पुटपुटल्या.

"हो. माझीच चूक."

"मग लवकर करा. सतराव्यात दोन्ही कीबोर्ड लागतात."

जॅकवरची आडवी फळी उचलली, जॅक बाहेर ओढला, नखीचं टोक लाकडी ठोकळ्यावर टेकवून एक काप. कडांवर दोनदा बोट घासलं. परत आत, पट्टी दाबून पाहिली: पडतोय. आणखी तीनदा दाबली. दोन मिनिटंही लागली नसतील, पण चर्चमध्ये एक खोकलाही ऐकू आला नाही. काउंट कायझरलिंगला झोप येत नसे म्हणून बाखने हे लिहिलं, ही 1802 सालच्या चरित्रातली गोष्ट आज बरेच अभ्यासक मानत नाहीत. मला मात्र त्या शांततेत वाटलं, लोक झोपले असते तर बरं झालं असतं.

उत्तरार्ध मी संगीत म्हणून ऐकलाच नाही. पंचविसाव्यात शेजारची बाई डोळे पुसत होती आणि मी नी मोजत होतो. शेवटी पहिली आरिया जशीच्या तशी परत येते. बाईंनी ती वरच्या कीबोर्डवर घेतली. सा. मग दुसऱ्या बारात नी. आला. शेजारच्या सुरांपेक्षा जरा पातळ, पण आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाद्य गाडीत चढवायच्या आधी ती नखी काढून टाकली. नवी थोडी आखूड कापली.