तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबडीत सुई कुठे खुपसायची?

"सुरी खुपसली, स्वच्छ पाणी आलं, झालं की! थर्मामीटर कशाला?" हे इतक्यांनी विचारलंय की एकदाच नीट लिहिते. काळ्या मसाल्याच्या रश्श्यातल्या मटणाला तो नकोच. ते तासभर उकळतं, फोड बोटाने दाबली की कळतं. माझा आग्रह आहे तो भाजलेल्या अख्ख्या कोंबडीसाठी.

दीड किलोची कोंबडी ओव्हनमधून निघाली. छातीत थर्मामीटरची सुई घातली, 74 अंश सेल्सिअस. तीच सुई तंगडी अंगाला चिकटते त्या जाड जागी घातली, 63, म्हणजे तिथे अजून कच्चीच. पाणी दोन्हीकडे स्वच्छच. रंगही फसवतो: कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला मगज झिरपतो, म्हणून पूर्ण शिजल्यावरही सांधा लाल दिसतो.

सुई आधी मध्याच्या पलीकडे जाऊ द्या. मग दोन-दोन मिलिमीटर मागे ओढा, दर वेळी आकडा स्थिरावू द्या. आकडा उतरत जातो, मग पुन्हा चढू लागतो. मधला सर्वांत कमी आकडा, तोच खरा. टोक हाडाला टेकलं तर तो आकडा धरू नका. काट्याचा गोल थर्मामीटर टोकापासून पाच-सहा सेंटिमीटरची सरासरी दाखवतो, त्यामुळे तंगडीला निरुपयोगी. दुरून तापमान दाखवणारी लेझरची बंदूक फक्त कातडी मोजते.

"उकळत्या पाण्यात 98 दाखवतो, बिघडलाय." नाही हो! नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे, इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं. तुम्ही तो 100 वर आणून ठेवलात, तर 72 ची कोंबडी 74 दाखवेल. तपासायचं तर बर्फाच्या चुऱ्यात: ग्लास चुऱ्याने भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, सुई मधोमध धरा. शून्य यायला हवं.

आता माझंच जुनं म्हणणं. "74 आल्याशिवाय काढू नका," असं मी ठासून सांगायचे. ते अर्धंच होतं. बाहेर काढल्यावरही आतला आकडा तीन-चार अंश चढतो. शिवाय छातीचा गाभा 66 वर पाच मिनिटं टिकला तरी जंतू मरतात, आणि मांस रसाळ राहतं. तंगडी मात्र 80 च्या आसपास गेल्याशिवाय हाडावरून सुटत नाही. एकाच कोंबडीत दोन्ही आकडे एकाच वेळी कसे आणायचे? तंगड्या कापून आधी भाजायला ठेवल्या तर जमतं. अख्खी ठेवून अजून मला जमलेलं नाही.