आईचा ब्लॉक सोडवताना

आईला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. बायोप्सी, ऑपरेशन सगळं वेळेत झालं. गाडं अडलं ते नंतर.

रिपोर्टात लिहिलं होतं: पीटेन लॉस, पी५३ नॉर्मल, एमएलएच१ आणि पीएमएस२ लॉस. लॉस म्हणजे गाठीच्या पेशींत ते प्रथिन दिसत नाही; शेवटची दोन डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी. एवढे ‘लॉस’ बघून आम्हा बहिणींच्या पोटात गोळा आला. डॉक्टर म्हणाल्या, “पीटेनचं मनावर घेऊ नका. तो गाठ रोखणारा जीन, पण या प्रकारात तो बऱ्याचदा गेलेलाच असतो. त्यावर उपचार ठरत नाहीत. पी५३ बिघडला नाही, हे चांगलं. एमएलएच१ का गेला ते मात्र शोधायला हवं.” पीएमएस२ त्याच्याच आधाराने टिकतो, म्हणून तोही गेला. एमएलएच१ फक्त गाठीत मेथिलेशनने, म्हणजे जीनवर रासायनिक खूण बसून, बंद पडला असेल तर ठीक. लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात उतरणारा जीनमधला दोष, असेल तर आम्हालाही तपासणी.

मेथिलेशनच्या टेस्टसाठी दुसऱ्या लॅबला ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, हवा होता. तो पहिल्या लॅबच्या कपाटात! काउंटरवरचे गृहस्थ दर वेळी रंगवलेल्या स्लाइडचं पाकीट पुढे सरकवायचे. “ब्लॉक बाहेर जात नाही. रेकॉर्ड आहे.” मग न रंगवलेल्या स्लाइड कापून द्या म्हटलं, तर “मॅडम नाहीत.” अर्ज द्या, मग अर्जावर डॉक्टरांची सही आणा, मग पेशंटची आणा. हे सगळं एकदाच सांगायला काय जातं? आईच्या शरीरातला तुकडा, आणि आम्ही हात जोडून उभ्या. अजूनही आठवलं की डोकं तापतं. अर्जात ब्लॉकचा नंबर घाला, तो रिपोर्टातच असतो. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

शेवटी पॅथॉलॉजिस्ट मॅडमच भेटल्या. त्यांनी ब्लॉक तर दिलाच, वर मायक्रोस्कोपमधून एमएलएच१ची स्लाइड दाखवली. आजूबाजूच्या साध्या पेशींची केंद्रकं तपकिरी, गाठीतली नुसती निळी, म्हणजे तिथे एमएलएच१ नाही. शेजारच्या पेशीही रंगल्या नसत्या तर टेस्टच फसली असं धरतात, म्हणाल्या.

मेथिलेशन सापडलं! घरातला इतिहास विचारून जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी आम्हाला रक्ततपासणीची गरज नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

एक राहिलंच: पी५३, आणि एमएलएच१ धरून चारही एमएमआर (डीएनए दुरुस्त करणारी) प्रथिनं बायोप्सीच्या तुकड्यावरही तपासता येतात. ऑपरेशनची तारीख घेतानाच विचारा.