बरे होण्याची अपेक्षित तारीख

ऑफिसची वेळ बदलून मागायच्या फॉर्मवर 11 व्या रकान्यात हेच विचारलं होतं. मी तो रिकामा सोडला आणि तिथे 7 आठवडे अडकले.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. निदान, औषधं, घरच्यांना सांगणं हे त्या मानाने सरळ पार पडलं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं (रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून पाकिटावर वार ठळक लिहून ठेवलाय), ठरलेल्या दिवशी रक्त तपासायचं, गुण यायला 6 ते 12 आठवडे थांबायचं. अंगवळणी पडलं. अडचण सकाळची. उठल्यावर दीड तास बोटं वळतच नाहीत आणि ऑफिस 9 ला. मागणी एवढीच होती: 9 ते 5 ऐवजी 11 ते 7.

फॉर्म परत आला. 'रकाना 11 अपूर्ण.' मी 'लागू नाही' लिहिलं. पुन्हा परत: 'तारीख आवश्यक.' तिसऱ्यांदा वैतागून 'आजन्म' लिहिलं, तर मनुष्यबळ विभागातून फोन. "म्हणजे तुम्ही कायमच काम करू शकणार नाही का?" मी गडबडले, काहीतरी पुटपुटले. वर सल्ला मिळाला, रात्री लवकर झोपून बघा. सूज वाढवणारी रसायनं शरीरात पहाटेच जास्त असतात, झोप लवकर असो वा उशिरा, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं. अशा वेळी नेहमी नंतरच आठवतं.

त्या फोननंतर जुनी चिंता उसळली. रात्री 3 ला उठून मेल बघायचं, छातीत धडधड, मग झोप नाही, झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांधे जास्त दुखायचे. आजार आणि फॉर्म यांतलं नेमकं कोण छळतंय तेच कळेना. शेवटी डॉक्टरांना हेही सांगितलं. चिंतेवरची गोळी सुरू झाली. पहिले दोन आठवडे घबराट उलट वाढली. तसं होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं, म्हणूनच टिकले. मेल दिवसातून दोनदाच, तेही जेवण झाल्यावर.

कोडं सुटलं ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रामुळे. पहिल्यावर नुसतं आजाराचं नाव आणि 'विश्रांतीचा सल्ला' होता. ऑफिसला त्याचा काय उपयोग? दुसऱ्यांदा जाताना मी दोन आठवड्यांची वही नेली: रोज किती वाजता उठले, किती वाजता मूठ वळली. त्यावरून डॉक्टरांनी लिहिलं, उठल्यापासून दोन तास टायपिंग आणि प्रवास टाळावा, त्यानंतर पूर्ण वेळ काम शक्य. आणि 11 व्या रकान्याकडे बघून म्हणाले, "बरं होण्याची नाही, पुन्हा तपासण्याची तारीख टाकू." 6 महिन्यांनंतरची टाकली. 4 दिवसांत मंजुरी! त्याच रकान्यात, त्याच माणसांकडून. अजून राग येतो.

तेव्हा आजाराचं नाव कमी, काय जमतं आणि केव्हा जमतं ते जास्त लिहून घ्या. फोनवर जे बोलणं होईल ते लगेच मेलवर लिहून पाठवा. मी पाठवलं नव्हतं. आणि ज्या दिवशी अंग हलकं वाटतं त्या दिवशी साठलेलं सगळं उपसायला जाऊ नका. मंजुरीच्या आनंदात मी कपाटं आवरली आणि पुढचे दोन दिवस आडवी होते. अवघड काम आता दुपारी, तेही अर्ध्या तासाच्या तुकड्यांत.

हो, एक राहिलंच. डॉक्टरांची वेळ सकाळचीच घ्या. दुपारी 4 ला बोटं अगदी शहाण्यासारखी वागतात. पुढच्या महिन्यात फेरतपासणी आहे आणि मी साडेआठची वेळ घेतलीय. यावेळी केबिनचं दार मला उघडता येत नाही, हे त्यांना प्रत्यक्षच बघू दे.