पिंगुळीची चित्रकथी: चित्रं भिंतीवर गेली, कथा खळ्यातच राहिली

सिंधुदुर्गातल्या कुडाळ स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला नुसतं ‘पिंगुळी’ म्हणालात तर तो बहुधा संत राऊळ महाराजांच्या मठापाशी नेऊन सोडेल. बाहेरून येणारी बहुतेक माणसं तिथेच जातात. चित्रकथी ऐकायची असेल तर ‘गुढीपूर’ म्हणायचं. ही ठाकर समाजाची वस्ती. मी गेलो तेव्हा मार्गशीर्ष सुरू होता. भात कापून झालं होतं, घरांपुढची खळी नुकतीच शेणाने सारवलेली होती आणि जवळपासच्या गावांत जत्रांचे मांडव पडायला लागले होते.

चित्रकथी म्हणजे चित्र दाखवत कथा सांगणारा. परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाचा उल्लेख सापडतो. एकेकाळी महाराष्ट्रात ठिकठिकाणी चित्रकथी हिंडत असत. पैठणला सापडलेल्या चित्रांमुळे या शैलीला पैठणी चित्रं असंही नाव पडलं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहता येतात. मी ती तिथेच पहिल्यांदा पाहिली होती: मोठमोठे डोळे, टोकदार नाकं, एका बाजूने काढलेले चेहरे, ठसठशीत काळ्या रेघा, तांबडा आणि पिवळा रंग. पाहून थक्क झालो होतो. पण काचेआडच्या त्या चित्रांत काय चाललंय, ते कळायला पिंगुळी गाठावी लागली.

पिंगुळीच्या ठाकरांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता, म्हणून इथे ही कला टिकली. ठाकर मंडळी आणखी मागचं सांगतात. शिवाजी महाराजांच्या काळात गावोगाव कथा सांगत हिंडताना आमचे पूर्वज हेरगिरीही करत, असं ते अभिमानाने सांगतात. चित्रकथी ही त्यांची एकुलती एक कला नाही. कळसूत्री बाहुल्या आहेत, दिव्याच्या उजेडात पडद्यावर सावल्या नाचवणाऱ्या चामड्याच्या बाहुल्या आहेत, राधानृत्य आहे, पांगुळ आहे, गोंधळ आहे. इतक्या कला एकाच वस्तीत जिवंत असलेली जागा महाराष्ट्रात मला दुसरी माहीत नाही.

वस्तीतल्या एका घरी मी संध्याकाळी पोचलो. घरातले आजोबा लोट्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बसले होते. मी पिशवीतून कॅमेरा काढायला लागलो तसे ते म्हणाले, “चित्रां बघूक इल्यात काय कथा आयकूक?” कथा ऐकायला, म्हटलं. “मगे ता ठेवा आणि जेवान घेवा. कथा काय उपाशी पोटी आयकाची नसता.”

उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी आणि सुका बांगडा असं जेवण झालं. मग खळ्यात चटई पडली. आजोबांच्या हातात वीणा आली, त्यांच्या मुलाने डमरूच्या घाटाचं हुडुक घेतलं, नातवाने टाळ. कापडात गुंडाळलेली पोथी आधी देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं, गणपतीचं आणि सरस्वतीचं नमन झालं. त्यानंतरच कापड सुटलं.

इथे पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे. सुट्या चित्रांची चळत असते आणि एका चळतीत एकच कथा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की पुढचा प्रसंग. रामायण, महाभारत, पुराणं यांतली आख्यानं असतात. त्या रात्री सीताहरण होतं.

सोन्याच्या हरणाचं पान पुढे आलं. मी ते निरखून पाहिलं. हरीण उभं आहे, मान मागे वळलेली, अंगावर ठिपके. बस्स. ना झाड, ना वाट, ना आभाळ. चित्र म्हणून पाहिलं तर दोन क्षणांत संपतं. पण आजोबांनी वीणेवर सूर धरला, हुडुकाची लय वाढली, आणि आजोबांचं बोट चित्रावरच्या ठिपक्यांवरून सरकायला लागलं तसं ते हरीण धावायला लागलं. जवळ येतं, लांब जातं, झाडीत शिरतं. पदाची ओळ संपली की आजोबा गद्यात उतरत. पद जुन्या मराठीत, अर्थ मालवणीत. मारीचाने रामाच्या आवाजात हाक मारली आणि पान उलटलं. पलीकडे सीता आणि लक्ष्मण समोरासमोर उभे. “भावजी, हाक आयकलात मां?” आजोबांचा आवाज इतका कापरा झाला की शेजारच्या घरून येऊन बसलेल्या एका काकींनी पदर डोळ्यांना लावला. त्यांनी ही कथा लहानपणापासून कितीदा तरी ऐकली असणार. लक्ष्मण निघून जाणार, रावण येणार, हे त्यांना पाठ होतं. तरीही.

ते एकच पान आजोबांनी खूप वेळ धरून ठेवलं. चित्र तसंच, दोघे तसेच उभे. बदलत होता तो फक्त आवाज. आधी सीतेची काळजी, मग राग, मग लक्ष्मणाला लागलेला तो बोल, मग त्याची घालमेल. चित्रातल्या माणसांच्या चेहऱ्यावर चित्रकाराने भाव का काढला नाही, हे मला तेव्हा कळलं. तो भरायचं काम सांगणाऱ्याचं होतं. चेहरा मोकळा ठेवला म्हणून एकाच चित्रात चार मनःस्थिती मावल्या.

आज चित्रकथीबद्दल जे लिहिलं आणि दाखवलं जातं त्यात हीच गोष्ट सुटते, असं माझं ठाम मत आहे. चित्रांना बरे दिवस आले आहेत. ती चौकटीत बसून दिवाणखान्यात जातात, साड्यांवर, पिशव्यांवर येतात. कलाकाराच्या घरी चार पैसे येतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण चौकटीतली सीता मुकी आहे. चित्रकथीत चित्र हा अर्धाच भाग, आणि तो जपायला सोपा असलेला अर्धा. दुसरा अर्धा आजोबांच्या गळ्यात आहे, हुडुकाच्या लयीत आहे, आणि पदर डोळ्यांना लावणाऱ्या काकींमध्येही आहे.

दुसऱ्या दिवशी वस्तीतलं संग्रहालय पाहिलं. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये घरच्या गोठ्यात ते उभं केलं. ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे त्याचं नाव. गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्या सिंधुदुर्गाला आपल्याच घरात सन्मान आल्यासारखं वाटलं होतं. जुन्या पोथ्या, बाहुल्या, वाद्यं तिथे जवळून पाहता येतात. चामड्याच्या बाहुल्या नुसत्या ठेवलेल्या पाहिल्या तर काळपट वाटतात. त्यामागे उजेड धरला की भोकाभोकांतून दागिने चमकतात आणि रंग पेटतो. जुन्या रीतीप्रमाणे पोथी जीर्ण झाली की ती वाहत्या पाण्यात सोडत. देवाची वस्तू ती, अडगळीत कशी टाकणार? त्या श्रद्धेपुढे माझे हात आपोआप जोडले जातात. पण किती पोथ्या अशा पाण्यात गेल्या असतील, या विचाराने जीव हळहळतो. म्हणून ज्यांनी त्या सांभाळून ठेवल्या त्यांचे उपकार मोठे आहेत.

त्याच संध्याकाळी जवळच्या एका गावात जत्रेला गेलो. रात्री दशावतार, म्हणजे इथलं लोकनाट्य, होता. देवळापुढचं पटांगण माणसांनी फुललेलं, खाज्याची दुकानं, मालवणी भज्यांचा वास, मध्यरात्र उलटली तरी पोरं जागी. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशा मंडळांची नावं इथे लहान मुलांनाही पाठ असतात. मग एकाच जिल्ह्यात, त्याच पुराणकथा सांगणारा दशावतार असा भरात आणि चित्रकथी मात्र खळ्यातल्या चटईवर, असं का?

मला दिसलेलं कारण साधं आहे. दशावताराला जत्रा आहे, आणि जत्रेला देऊळ आणि मानकरी आहेत. कार्तिकापासून पुढे कोणत्या गावात कधी नाटक, हे ठरलेलं असतं. पटांगणाच्या शेवटच्या टोकालाही नाटकातला संकासुर राक्षस दिसतो, आवाज लाऊडस्पीकरवरून पोचतो. चित्रकथीचं चित्र हातभर लांबीचं. ते दिव्याच्या उजेडात, पंधरा-वीस माणसांनी दाटीवाटीने बसून पाहायचं. ही कला मुळातच घरगुती जवळिकीची आहे. संस्थानं विलीन झाली, मागोमाग राजाश्रय गेला. देवळातल्या ठरलेल्या सेवा कमी झाल्या. आणि जवळ बसून ऐकायची संध्याकाळ तर घराघरांतून टीव्हीने आणि आता मोबाइलने घेतली. कला कुठेच कमी पडलेली नाही. तिला लागते ती बैठक मोडली.

म्हणून लोककलांची नोंद करायला निघणाऱ्या माझ्यासारख्यांना सांगावंसं वाटतं, की चित्रांचे फोटो आता पुष्कळ झाले. अख्खी आख्यानं ध्वनिमुद्रित करा, तुकडे नकोत. कोणत्या चित्रावर कोणतं पद, ते लिहून घ्या. कुठे लय वाढते, कुठे कथेकरी थांबतो, मालवणीत स्वतःचं काय घालतो, ते टिपा. ऐकणारी माणसंही कॅमेऱ्यात येऊ द्या. त्या आजोबांची पदं कुठेही छापलेली नाहीत. त्यांच्या वडिलांनी तोंडी दिली, त्यांनी तोंडी घेतली.

नातू आयटीआयला जातो. शिकणार का, असं विचारल्यावर तो म्हणाला, “टाळ येतत, हुडुक येता. पदां अर्दी येतत. आजो सांगता तेवा आयकतंय आणि फोनात भरून ठेवतंय.” त्याने फोन दाखवला. एकेका आख्यानाची फाइल, आजोबांच्या नावाने, तारीख घालून. पद अडलं की तो कॉलेजच्या बसमध्ये कानाला लावून ऐकतो. उरलेली अर्धी त्याला येत्या पावसाळ्यात, शेतीची कामं आटपल्यावर, आजोबांपुढे बसून पुरी करायची आहेत.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. कुडाळहून रिक्षा मिळते, सावंतवाडीहूनही अंतर फार नाही. तिथे चितार आळीतली लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पाहता येते. गुढीपूरला मात्र दोन रेल्वेगाड्यांमधल्या वेळात डोकावून येऊ नका. आधी कळवा, मुक्कामाच्या तयारीने जा आणि रात्रीचं आख्यान ठरवा. चार-सहा जण एकत्र गेलात तर उत्तम, सांगणाऱ्याला माणसं लागतात. मुलांना न्या. आणि बिदागी विचारून, ठरवून, पूर्ण द्या. संपूर्ण आख्यानाची द्या, पाच मिनिटांच्या नमुन्याची नको.