मुलीला नर्सिंगला घालू का? तुम्ही विचारलंत म्हणून

जूनमध्ये नीटचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. नात्यातले, शेजारचे, कुणाच्या तरी ओळखीचे. कधी डिस्चार्जच्या दिवशी पेशंटचे वडीलधारे हळूच बाजूला घेऊन विचारतात, "सिस्टर, पोरीचा एमबीबीएसला काही नंबर लागत नाही. बीएएमएसची फी आपल्याला झेपायची नाही. नर्सिंगला घालू का?" माझी निम्मी नोकरी वॉर्डात गेली आणि उरलेली नर्सिंगच्या मुलींना वॉर्डात शिकवण्यात चालली आहे, म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतो. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आधी मुलीला विचारा. डॉक्टर होता आलं नाही म्हणून नर्स, असा हिशेब करून आलेल्या मुली मी दरवर्षी बघते. पहिल्या सहा महिन्यांत त्या हिरमुसतात. आपण डॉक्टरकीचाच खालचा वर्ग शिकतोय असं त्यांना वाटत असतं. डॉक्टर राउंडला येतात, पेशंटजवळ पाच मिनिटं थांबतात, ऑर्डर लिहून पुढे जातात. बाकीचा दिवस आणि अख्खी रात्र पेशंट नर्सच्या ताब्यात असतो. त्या वेळेत त्याचं काय बिघडतंय, काय सुधारतंय हे ओळखणं हा आमचा धंदा. ज्या मुलीला माणसांजवळ थांबायचा कंटाळा आहे, तिला बायोलॉजीत पैकीच्या पैकी असले तरी इथं करमत नाही.

आता कोर्सचा गोंधळ. एएनएम हा गावपातळीवरच्या नर्सबाईचा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि बीएस्सी नर्सिंग ही डिग्री चार वर्षांची. एएनएम आणि जीएनएमला आर्ट्‌स-कॉमर्सची मुलगीही चालते. बीएस्सीला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या गटाला ४५ टक्के. मधली काही वर्षं हे प्रवेश नीटच्या मार्कांवर होत. २०२३ पासून राज्याच्या सीईटी सेलची वेगळी परीक्षा आहे. तिचा अर्ज नीटचा निकाल लागायच्या कितीतरी आधी भरायचा असतो, आणि जूनमध्ये मला फोन करणाऱ्या बऱ्याच घरांनी तो भरलेलाच नसतो.

"डिग्रीच करावी ना?" हा त्यापुढचा प्रश्न. जमत असेल तर करावी. पुढे एमएस्सी करायची, शिकवायचं, परदेशी जायचं तर डिग्रीचा उपयोग होतो. पण माझं मत विचाराल तर रिकाम्या हॉस्पिटलला जोडलेल्या बीएस्सीपेक्षा गजबजलेल्या हॉस्पिटलचं जीएनएम कधीही बरं. जीएनएमवाल्या मुलीला नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते. एम्समधल्या भरतीसाठी जी नॉरसेट परीक्षा होते, तिलाही जीएनएमची मुलगी बसू शकते, फक्त किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलात दोन वर्षं काम केलेलं असावं लागतं. वॉर्डात हात बसला नाही, ती उणीव मात्र कुठल्याच वर्गात भरून निघत नाही.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. मनिकिन म्हणजे सरावाचे पुतळे ठेवलेली लॅब, एसी हॉल, कॉरिडॉरमध्ये नाइटिंगेलबाईंचा फोटो हे सगळीकडे असतं. कॉलेजचं स्वतःचं १०० खाटांचं हॉस्पिटल असावं अशी इंडियन नर्सिंग कौन्सिलची अट आहे. शंभर खाटा असणं वेगळं आणि त्यावर पेशंट असणं वेगळं. एका ठिकाणी मी गेले होते, नाव सांगत नाही. मेल मेडिकल वॉर्डात तीस खाटा, तीसही खाटांवर इस्त्रीची पांढरी चादर, उशीला घडी नाही, लॉकरवर पाण्याची बाटली नाही, खाटेखाली चप्पल नाही. भिंतीवरचा ऑक्सिजनचा फ्लोमीटर प्लॅस्टिकच्या पिशवीतच. तिथल्या मुली सलाईन लावायला कुणाच्या हातावर शिकत असतील? एकमेकींच्या वह्यांवरून. कुठलं काम किती वेळा केलं ते लिहायची प्रोसिजर बुक मात्र सगळ्यांची भरलेली, सह्यांसकट.

तेव्हा सकाळी नऊच्या सुमाराला जा. युनिफॉर्ममधल्या मुली वॉर्डात आहेत की वर्गात कोंडल्यात ते बघा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलीला गाठून विचारा, "बाळ, तू स्वतः किती डिलिव्हऱ्या केल्यास? बाळंतपणाची पोस्टिंग कुठं असते?" ती पटकन सरकारी हॉस्पिटलचं नाव आणि लेबर रूमच्या सिस्टरांच्या रागाचा एखादा किस्सा सांगेल तर कॉलेज ठीक आहे. ती मॅडमकडे बघायला लागली तर चहा पिऊन निघून या. इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्या यादीत कॉलेज आहे का, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे तर बघायचंच.

फीबद्दल एक माहिती अजून बऱ्याच घरांत पोचलेली नाही. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शासनाने शंभर टक्के सवलत दिली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. "कशाला प्रवेशाच्या राउंडची वाट बघता, आत्ताच मॅनेजमेंट कोट्यातून सीट देतो" असं म्हणणारा माणूस ही सवलत तुमच्या हातून घालवत असतो.

अभ्यास झेपेल का, असं विचारता. पुस्तक झेपतं. २०२१ च्या नव्या अभ्यासक्रमापासून बीएस्सी सेमिस्टरची आहे, आठ सेमिस्टर. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी इंग्रजीतून असतं, मराठी माध्यमाची मुलगी पहिले तीन महिने रडते आणि मग शिकते. दांडी उडते ती गणितात, आणि त्याची कुणालाच आधी कल्पना नसते. ५०० मिलीचं सलाईन चार तासांत द्यायचंय, सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलीला २० थेंबांची. म्हणजे ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, मिनिटाला ४२ थेंब. हे कागदावर सगळ्यांना येतं. वॉर्डात एका बाजूला नातेवाईक हाका मारतायत, दुसरीकडे मावशी बेडपॅनसाठी थांबल्यात, आणि सेकंदकाट्याकडे बघत नळीवरचा रोलर सरकवून ४२ वर थेंब आणायचा, तेव्हा घाम फुटतो. लहान मुलांच्या वॉर्डात सेट बदलतो, मिलीला ६० थेंब, आणि मग सगळा हिशेबच बदलतो.

इन्सुलिनचं तर मी पहिल्याच आठवड्यात हातात देऊन दाखवते. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बहुतेक मिलीला ४० युनिटची बाटली असते, तिची सिरिंज लाल टोपणाची. मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज केशरी टोपणाची. दोन्ही सिरिंजा तेवढ्याच बारीक, दोन्हींवर २० ची रेघ. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट गेलं. साखर खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडायला तेवढं पुरतं. उलट केलं तर २० च्या जागी आठच जातात आणि तीन दिवस सगळे म्हणत बसतात, शुगर का कंट्रोल होत नाही. ज्या मुलीला टोपणाचा रंग बघायची सवय लागली, तिची मला काळजी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे हे शिक्षण कशाचं आहे ते कळेल. श्वास मोजायची आमची एक पद्धत आहे. पेशंटला कळलं की आपला श्वास मोजतायत, तर तो नकळत वेगळा घ्यायला लागतो. म्हणून आधी नाडी मोजायची, मग मनगट तसंच धरून ठेवायचं आणि नजर छातीकडे न्यायची. पेशंटला वाटतं अजून नाडीच चालू आहे. पूर्ण एक मिनिट. आता कुठल्याही गर्दीच्या वॉर्डातले चार्ट काढून बघा, सगळ्यांचा श्वास २०. म्हाताऱ्याचा २०, तरण्याचा २०, सकाळचा २०, रात्रीचा २०. कुणी मोजलेलाच नसतो. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने दुपारच्या ड्यूटीला एका तापाच्या पेशंटचा श्वास मोजला आणि ३४ लिहिला. गावाकडचा पन्नाशीचा माणूस, गप्प पडून होता, ताप उतरलेला, बायको म्हणत होती आज बरं वाटतंय. ड्यूटीवरची स्टाफ नर्स म्हणाली, पुन्हा मोज. तिने पुन्हा मोजला, ३६. मग ती स्वतः निवासी डॉक्टरांकडे गेली. ते दोन अ‍ॅडमिशनमध्ये अडकलेले, वैतागले, तरी आले. रक्तातला ऑक्सिजन ८६ टक्क्यांवर उतरलेला निघाला. न्यूमोनिया वाढला होता. संध्याकाळच्या चहाआधी पेशंट आयसीयूत होता, आणि पुढच्या आठवड्यात चालत घरी गेला. त्या मुलीला बारावीला ५२ टक्के होते.

घाण काढावी लागते का, हे तुम्ही स्पष्ट विचारत नाही, पण सुचवता. हो, लागते. बेडपॅन, उलटी, पू, जखमेतल्या अळ्यासुद्धा. पहिल्या वर्षाला मुली नाकाला रुमाल लावून येतात, दिवाळीपर्यंत रुमाल सुटतो. स्थळं येतील का, हाही प्रश्न जुनाच. पुण्यात १९०९ साली सेवासदन ही बायकांसाठीची संस्था सुरू झाली आणि रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच होती. आता मात्र सरकारी नोकरीतली नर्स म्हटलं की स्थळवालेच फोन करतात, आणि मग रात्रपाळी बंद करता येईल का असं विचारतात. येत नाही. रात्रपाळी आहे, सणाला ड्यूटी आहे, लक्ष्मीपूजनाला नेमका आपलाच नाइटचा नंबर लागणार आहे. हे घरात आधी बोलून घ्या.

मुलगा असेल तरी पाठवा. वॉर्डात त्याला ब्रदर म्हणतील. जागा कमी, एम्सच्या भरतीत मुली आणि मुलगे यांचं प्रमाण ८०:२० आहे, त्यामुळे त्याला स्पर्धा जास्त. पण आयसीयू, अपघात विभाग, डायलिसिस इथं चांगल्या ब्रदरला काम कमी पडत नाही.

पगाराचं खरं सांगते. राज्य शासनात अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, वर भत्ते. एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून. पण जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल हे कुणाच्या हातात नाही, आणि कंत्राटी जागा वेगळ्या. तोवर खासगीत काम करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली होती की २०० खाटांवरच्या खासगी हॉस्पिटलांनी नर्सला राज्य सरकारी नर्सएवढा पगार द्यावा, आणि ५० खाटांच्या आतल्या लहान हॉस्पिटलांनीही २०,००० च्या खाली जाऊ नये. तालुक्याच्या गावी आमच्या मुली त्याच्या निम्म्यावर आजही बारा तासांची ड्यूटी करतात. याचा मला संताप येतो आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. मुलीला सांगून ठेवा: पहिली नोकरी पगाराच्या आकड्यापेक्षा काम शिकायला मिळेल अशा मोठ्या हॉस्पिटलात धरायची, आणि मूळ सर्टिफिकेटं कुणाच्याही कपाटात ठेवायची नाहीत. झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवून परत घ्यायची.

शेवटच्या वर्षाची परीक्षा सुटली म्हणजे लगेच नर्स झाली असं नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होऊन नंबर हातात आला की मगच. ही नोंदणी पाच वर्षांनी पुन्हा करायची असते, मध्ये प्रशिक्षणाचे तास जमवत. नोंदणीच्या अर्जातलं नाव दहावीच्या सर्टिफिकेटशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. "शिंदे" चं स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचं, एवढ्यावरून मुलींच्या मुंबईच्या फेऱ्या होतात.

परदेशाचं स्वप्न आजकाल पहिल्या वर्षापासूनच डोक्यात असतं. चांगलं आहे. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा, इंग्लंडसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या दोन परीक्षा, आखातासाठी बहुतेक ठिकाणी अनुभव आणि परवाना परीक्षा, जर्मनीसाठी बी२ पातळीपर्यंत जर्मन. जर्मन शिकायला चांगलं वर्ष-दीड वर्ष घासावं लागतं, म्हणून ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी तिसऱ्या वर्षापासून सुरुवात करावी. भाषा कच्ची असली तर तिथं पेशंटचं दुखणं कळत नाही, आणि मग हुशार मुलगीही नुसती अंघोळी घालत राहते. "जर्मन आम्हीच शिकवतो, व्हिसाही आमचाच, तीन लाख भरा" असं म्हणणारा कुणी भेटलाच, तर पैसे काढायच्या आधी त्याला तीन गोष्टी विचारा: काम कुठल्या हॉस्पिटलात, पहिल्या दिवसापासून नर्स म्हणून की मदतनीस म्हणून, आणि मुलगी मध्येच परत आली तर किती भरावे लागतील. उत्तरं तोंडी घेऊ नका, कागदावर सहीनिशी मागा.