पहिल्या स्लाइडवर नाव मी टाइप करायचो

2009 ते 2012 मी नाशिकला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. बॅगेत एक गोळी होती, फ्लुपेन्टिक्सॉल आणि मेलिट्रासेन एकत्र. पहिलं सायकोसिसवरचं, म्हणजे भ्रम-भास होणाऱ्या मानसिक आजारावरचं, दुसरं डिप्रेशनवरचं. झोप नाही, धडधड होते, गॅसेस होतात, अशा पेशंटना ती द्या, असं आम्ही जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना सांगायचो. पण नुसत्या एमआरच्या शब्दावर कोण लिहिणार? त्यासाठी मोठं नाव लागायचं. आमच्या भाषेत केओएल, म्हणजे ज्याचं मत बाकीचे डॉक्टर मानतात असा डॉक्टर.

मी निवडलेले सर खरंच चांगले होते. गरिबांकडून फी घेत नसत, म्हणून जीपी त्यांना मानत. आम्ही वापरला तो नेमका हा विश्वास. स्लाइड्स हेड ऑफिसहून तयार यायच्या, पहिल्या स्लाइडवर नावाची जागा मोकळी. तिथे मी सरांचं नाव टाइप करायचो. सीएमईला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानाला जाताना गाडीत त्यांनी लॅपटॉप उघडला, शेवटपर्यंत चाळला आणि विचारलं, "साइड इफेक्ट्सची स्लाइड कुठाय?"

"पुढच्या वेळी टाकतो, सर."

ती कधीच आली नाही. त्या रात्री जेवताना एका जीपींनी विचारलं, म्हाताऱ्यांना चालेल का? सर म्हणाले, चालेल. पुढच्या महिन्यात आरसीपीएला, म्हणजे कुठले डॉक्टर काय लिहितात ते तपासायला, केमिस्टकडे गेलो, तर त्या भागातला खप वाढलेला.

वर्षभराने त्याच जीपींनी मला एक आजोबा दाखवले. हात थरथरत होते, चाल आखडलेली. फ्लुपेन्टिक्सॉलने असं होऊ शकतं, वयस्कांना जास्तच. "तुमचे सर तर चालेल म्हणाले होते," एवढंच ते बोलले. मला उत्तर देता आलं नाही.

मे 2012 मध्ये औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी यंत्रणेवर संसदीय समितीचा अहवाल आला. ही गोळी मूळची डेन्मार्कची, आणि खुद्द डेन्मार्कमध्येच तिला परवानगी नाही, हे मला तेव्हा कळलं. इतर काही औषधांसाठी तज्ज्ञांनी सरकारला दिलेली शिफारसपत्रं शब्दशः सारखी निघाली होती. ती कंपन्यांच्याच अदृश्य हातांनी लिहिली असावीत, असा समितीचा सूर होता. मला धक्का बसला नाही. त्या मोकळ्या जागेत नाव भरणारा हात माझाच होता.

राजीनामा दिला. (जून 2013 मध्ये सरकारने गोळीवर बंदी आणली, मग प्रकरण कोर्टात गेलं.) नोकरी सुटण्याआधी अहवालाची पानं छापून त्या जीपींकडे नेली. पेशंट बाहेर थांबवून त्यांनी ती वाचली. मग खण उघडून सॅम्पलच्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर ठेवल्या. "या घेऊन जा. आणि ही पानं सरांनाही नेऊन दे."

तिथून थेट सरांच्या दवाखान्यात गेलो.